जुन्या गाडीला रंग देण्याआधी

घरातली गाडी बारा-चौदा वर्षांची होते. इंजिन ठणठणीत असतं. पण टपाचा रंग पांढरट पडलेला असतो, बॉनेटवर पोपडे आलेले असतात, आणि कोणाच्या लग्नाला न्यायची म्हटली की आपल्यालाच अवघडल्यासारखं होतं. मग घरात ठरतं, एकदाचा रंग मारून घेऊ.

गॅरेजवाला गाडीभोवती एक चक्कर मारतो आणि आकडा सांगतो. एक जण 18 हजार म्हणतो. दुसरा 40 हजार. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये त्याच्या दुप्पट. तिघंही एकच वाक्य बोलतात, ‘नवीन दिसेल.’

पहिल्या दिवशी तिन्ही गाड्या खरंच नव्या दिसतात. फरक कळतो तो पुढच्या पावसाळ्यानंतर. कारण या आकड्यांमध्ये रंगाच्या डब्याची किंमत हा लहान भाग आहे. मोठा भाग रंगाखालच्या कामाचा आहे, आणि ते काम एकदा रंग चढला की कोणालाच दिसत नाही. तुम्ही पैसे देणार आहात ते त्या न दिसणाऱ्या कामाचे. म्हणून ते होण्याआधीच बघायचं, विचारायचं आणि लिहून घ्यायचं.

गॅरेजला जाण्याआधी गाडीचं आरसी बुक काढा. नोंदणीची तारीख बघा. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षं चालते. त्यानंतर तपासणी करून ती 5-5 वर्षांसाठी वाढवावी लागते. 15 वर्षांवरच्या चारचाकीला त्यासाठी निदान 5 हजार रुपये शुल्क आहे, महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. गाडीची 14 वर्षं झाली असतील, तर आधी घरात बसून ठरवा की ही गाडी पुढची 5 वर्षं ठेवायची आहे का. ठेवायची असेल तर रंगावर खर्च करायला हरकत नाही. नक्की नसेल तर थांबा.

आणि गाडी विकायची आहे म्हणून रंगवत असाल तर माझा सल्ला स्पष्ट आहे, रंगवू नका. जुनी गाडी घेणारा माणूस ताजा रंग बघून खूश होत नाही. त्याला पहिली शंका येते ती अपघाताची. तो बोटाने टकटक करून बघणारच. तुम्ही 40 हजार घातलेत म्हणून तो तुम्हाला 40 हजार जास्त देणार नाही. दहा दिले तरी पुष्कळ.

आता गाडीजवळ या. सकाळच्या उन्हात उभी करा आणि धुऊन, पुसून कोरडी करा.

टपावर आणि बॉनेटवर हात फिरवा, कारण ऊन तिथेच सगळ्यात जास्त बसतं. हाताला खडूसारखी पूड लागते का? लागत असेल तर आनंदाची बातमी असू शकते. थोडं रबिंग कंपाउंड आणा. पांढऱ्या सुती फडक्यावर घेऊन कोपऱ्यातली वीतभर जागा चोळा. फडक्याला गाडीचा रंग लागला आणि खालून चमक वर आली, तर रंग मेलेला नाही. फक्त वरचा थर उन्हाने जळलेला आहे. जुन्या साध्या पांढऱ्या आणि लाल गाड्यांत हे पुष्कळदा दिसतं. अशा गाडीला पूर्ण रंगाची गरज नाही. नीट कंपाउंड आणि पॉलिश करून घ्या. दोन-तीन हजारांत काम होतं आणि दोन-तीन वर्षं निघतात.

पण पापुद्रे सुटत असतील, नखाने पारदर्शक साल निघत असेल, तर ती चमक देणारी वरची लॅकरची पातळ साय गेली. तिथे पॉलिश कितीही घासा, उपयोग नाही. तेवढा भाग रंगवावाच लागेल. मात्र तेवढाच भाग. टप आणि बॉनेट गेलेत म्हणून चारी दारं रंगवायची काही गरज नसते. गॅरेजवाला म्हणेल, शेड जुळणार नाही. पांढऱ्या रंगात चांगला कारागीर पुष्कळ जवळ जुळवून देतो. चंदेरी आणि मोतिया रंगात मात्र त्याचं म्हणणं खरं असतं.

यानंतर गंज. हा भाग मी सावकाश सांगतो, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात.

गाडीचा पत्रा बाहेरून कमी आणि आतून जास्त गंजतो. दाराच्या तळाशी पाणी बाहेर जायला बारीक छिद्रं असतात. ती चिखलाने बुजली की पावसाचं पाणी दारातच साचून राहतं. चाकाच्या वरच्या कमानीत आतल्या बाजूने माती बसते आणि वर्षभर ओलसर राहते. पाय ठेवून आत चढतो त्या पट्टीच्या खाली, पुढच्या काचेच्या रबराखाली, बॅटरीच्या तळाशी, डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात हीच गोष्ट. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, अलिबाग, गोवा अशा खाऱ्या हवेच्या भागात तर हे दुप्पट वेगाने होतं. बाहेरून तुम्हाला फक्त रंगाचा एक फोड दिसतो, मुगाएवढा.

तो फोड स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने हलकेच दाबा. टोक आत गेलं तर पत्रा संपला. मग आजूबाजूला स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने वाजवत जा. चांगला पत्रा खणखणीत वाजतो. कुजलेला किंवा आधीच पुट्टीने भरलेला भाग बद्द वाजतो. घरातल्या फ्रिजवरचं लोहचुंबकही घ्या. दारावरून, कमानीवरून फिरवा. जिथे ते धरत नाही, घसरून पडतं, तिथे रंगाखाली पुट्टीचा जाड थर आहे. बंपरवर मात्र बघू नका, तो प्लास्टिकचा असतो.

कुजलेल्या पत्र्याला एकच इलाज आहे. तो भाग कापायचा, नवा तुकडा वेल्डिंगने जोडायचा, त्याला आतून-बाहेरून गंजरोधक प्रायमर द्यायचा आणि मग रंग. हे कष्टाचं काम आहे आणि त्याचे पैसे लागतात. स्वस्तातला कारागीर काय करतो? भोकावर जाळी ठेवतो, वर पुट्टी थापतो, घासून गुळगुळीत करतो आणि रंग मारतो. पुट्टी ओल धरते. गंज आत चालूच राहतो. पुढच्या गणपतीपर्यंत त्याच जागी फोड येतो, या वेळी रुपयाएवढा.

म्हणून गॅरेजवाल्याला विचारा, ‘पत्रा कापणार की पुट्टी भरणार?’ एवढा प्रश्न विचारलात तरी तो तुमच्याशी वेगळ्या सुरात बोलायला लागेल.

आता खर्चाचा हिशेब. बहुतेक गॅरेजं पॅनेलप्रमाणे दर लावतात. साध्या मोटारीचे पॅनेल मोजा. बॉनेट, टप, डिकी, चार दारं, पुढचे दोन फेंडर, मागच्या दोन बाजू आणि दोन बंपर. झाले 13. ठीकठाक गॅरेजमध्ये एका पॅनेलला अडीच ते चार हजार रुपये पडतात. 3 हजार धरले तर 39 हजार झाले. यात पत्र्याचं वेल्डिंग नाही, मोठे पोचे काढणं नाही. बोलेरो, सुमो अशा गाड्यांना पत्रा जास्त, म्हणून रंगही जास्त. तुमच्या गावात दर थोडा वर-खाली असेल. पण कोणी पूर्ण गाडी 15-18 हजारांत करून देतो म्हणाला, तर तो काय गाळणार आहे हे शोधायचं काम तुमचं.

गाळतात त्या गोष्टी ठरलेल्या आहेत. जुना रंग नीट घासला जात नाही. प्रायमर एकच पातळ हात. दाराचे हँडल, दिवे, बीडिंग, नंबर प्लेट काढत नाहीत. त्याऐवजी वर्तमानपत्र आणि टेप चिकटवून बाजूबाजूने रंग मारतात. हे ओळखायला सोपं आहे. रंग झाल्यावर काचेच्या रबराच्या कडेवरून नख फिरवा. नखाला बारीक पायरी लागली, की समजा कागद लावून काम झालं आहे. ती पायरी पुढे सुटते आणि तिच्यातून पाणी आत जातं.

रंग कोणता, हेही विचारा. गॅरेजमध्ये मुख्यतः दोन नावं ऐकाल, एनसी आणि पीयू. एनसी स्वस्त असतो, लवकर वाळतो, आणि उन्हात लवकर फिका पडतो. पीयूमध्ये हार्डनर मिसळावा लागतो. तो महाग पडतो, पण कडक होतो आणि चमक टिकवतो. जी गाडी 5 वर्षं ठेवायची आहे तिला पीयूच द्या. रंगाचा कोड गाडीवरच लिहिलेला असतो, बॉनेटखालच्या पट्टीवर किंवा दाराजवळच्या खांबावर. त्याचा मोबाइलवर फोटो काढा. डबा आणला की तुमच्यासमोर उघडायला सांगा. यात संकोच कसला?

मग हे सगळं एका कागदावर लिहून घ्या. कोणते पॅनेल, कुठे पत्रा बदलणार, प्रायमरचे हात किती, रंगाचा प्रकार आणि कंपनी, काय काय खोलून रंगवणार, किती दिवस, किती पैसे, आणि किती महिन्यांत पोपडा आला तर फुकट दुरुस्त करणार. पक्क्या बिलावर 18 टक्के जीएसटी लागतो म्हणून पुष्कळ लोक तोंडीच व्यवहार करतात. मग तक्रार करायची वेळ येते तेव्हा हातात काहीच नसतं. लहान गॅरेज जीएसटीत नसेल, तरी शिक्का-सहीची पावती देऊ शकतं.

कामाच्या दिवसांत एकदा न सांगता चक्कर मारा, गाडी घासून प्रायमर झालेला असेल तेव्हा. तो एकच दिवस असा असतो की गाडी तुमच्याशी खोटं बोलत नाही. पोचे, पुट्टीचे डाग, जोडलेला पत्रा, सगळं उघडं दिसतं. फोटो काढून ठेवा.

आता रंग बदलायची हौस. पांढऱ्याची लाल करू, लालची काळी करू. करता येते, पण खर्च जवळपास दीडपट धरा. दार उघडल्यावर दिसणारे खांब, डिकीच्या आतली बाजू, बॉनेटची खालची बाजू, हे सगळं रंगवावं लागतं. नाहीतर दार उघडताच जुना रंग दिसतो. शिवाय आरसी बुकात गाडीचा रंग लिहिलेला असतो. तो बदलला तर आरटीओकडे अर्ज करून नोंद करून घ्यायला हवी, आणि विमा कंपनीला कळवायला हवं. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची संमती घ्या. नोंद न करता रंग बदललात, तर नाकाबंदीत किंवा विम्याच्या दाव्याच्या वेळी तुम्हीच तुमची गाडी तुमची आहे हे समजावत बसाल.

जीप किंवा थार असलेल्या तरुणांना एक वेगळं सांगतो. लष्करी ऑलिव्ह ग्रीन रंग देऊ नका. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधल्या 121 व्या नियमाने तो रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखलेला आहे. गॅरेजवाला हसत मारून देईल. दंड तुम्ही भराल.

विम्यातून रंग होईल का, असं पुष्कळ जण विचारतात. ऊन, गंज आणि वय यांनी गेलेला रंग विम्यात येत नाही. अपघातात ठोकर बसली तर येतो, तोही तुमचा विमा स्वतःच्या नुकसानीचा असेल तरच. फक्त थर्ड पार्टी असेल तर नाही. रंगाच्या साहित्यावर 50 टक्के घसारा कापतात. बिलात साहित्य आणि मजुरी वेगळी नसेल, तर एकूण रंगकामाचा चौथा भाग साहित्याचा धरतात. म्हणजे 20 हजारांच्या बिलात 5 हजार साहित्य, त्यातले अडीच हजार तुमचे. प्रत्येक दाव्यात हजार रुपये तुम्ही भरायचे, 1500 सीसीच्या वरच्या गाडीला दोन हजार. आणि दावा न केल्याबद्दलची सूट, जी 20 टक्क्यांपासून चढत 50 टक्क्यांपर्यंत जाते, ती पुढच्या वर्षी शून्यावर येते. एका दाराच्या ओरखड्यासाठी दावा करण्याआधी हा हिशेब कागदावर मांडा. बहुतेक वेळा खिशातून पैसे देणंच स्वस्त पडतं.

रंग कधी द्यायचा? जून ते सप्टेंबर मुळीच नाही. हवेतली ओल ओल्या रंगावर बसते आणि लॅकर दुधासारखं धुरकट होतं. बंद खोलीत, भट्टीत रंगवणारे मोठे वर्कशॉप पावसाळ्यातही नीट काम करू शकतात. उघड्या शेडमधला कारागीर नाही करू शकत. दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यातही नको. सगळ्यांनाच पूजेला गाडी चकचकीत हवी असते, आणि घाईत वाळायला वेळच मिळत नाही. दिवाळी झाली की फेब्रुवारीपर्यंतचे दिवस चांगले. गॅरेजला गर्दी कमी, हवा कोरडी.

ज्यांच्याकडे ट्रॅव्हलरसारखी मोठी गाडी आहे, त्यांनी मोटारीच्या हिशेबावर जाऊ नये. टप उंच आणि लांब, त्यावर कॅरिअर, मागे शिडी. नुसतं हे खोलून परत बसवण्याचीच मजुरी वेगळी. बाजूवर वर्षानुवर्षं चिकटलेली नावं, देवांचे स्टिकर काढले की खाली मूळ रंग उठून दिसतो. त्या जागेसाठी सगळी बाजू रंगवावी लागते. हल्ली काही जण जुन्या ट्रॅव्हलरची राहायची गाडी करून घेतात. राज्याने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणल्यापासून ही हौस वाढताना दिसते. त्यांनी दोन गोष्टी पाळाव्यात. गाडीत असा बदल आरटीओच्या मंजुरीशिवाय करू नये. आणि रंग सगळ्यात शेवटी द्यावा. आधी खिडक्या कापून घ्या, टपाला झरोका पाडून घ्या, पाण्याचे नळ, तारा बाहेर काढायच्या ती भोकं पाडून घ्या. कापलेल्या प्रत्येक कडेला प्रायमर आणि सीलंट लावा, आणि मग रंग. आधी रंगवून नंतर कापलं, तर त्या उघड्या कडेपासूनच गंज धरतो.

एक गोष्ट पैशाची नाही. पीयू रंगातल्या हार्डनरची वाफ फुप्फुसांना फार वाईट. रंगारी पोरगं तोंडाला रुमाल बांधून दिवसभर फवारणी करत असतं. रुमालाने ती वाफ अडत नाही. मालकाला सांगा, त्याला चांगला मास्क द्या. हवं तर त्याचे पैसे तुम्ही द्या. घरच्या मुलांना गाडी बघायला म्हणून शेडमध्ये नेऊ नका, आणि यूट्यूबवर बघून अंगणात स्वतः पीयू फवारायच्या भानगडीत पडू नका.

गाडी ताब्यात घ्यायला सकाळी जा. ट्यूबलाइटखाली कुठलाही रंग छान दिसतो. उन्हात उभी करून तिरकं बघा. लाटा दिसतात का, रंग ओघळलेला आहे का, एका दाराची शेड दुसऱ्याशी जुळते का, काचांवर आणि टायरवर फवारा उडाला आहे का. काही खटकलं तर तिथेच बोट ठेवून दाखवा. पूर्ण पैसे आधी देऊन बसू नका. शेवटचा थोडा भाग या तपासणीनंतर द्यायचा, असं पहिल्याच दिवशी ठरवलेलं बरं.

पहिला महिना जपा. साध्या पाण्याने धुवा, कपड्याच्या साबणाने नको. पॉलिश आणि वॅक्स नको. आवरण घालू नका, आत ओल कोंडते. झाडाखाली लावलीत तर पक्ष्यांची विष्ठा लगेच ओल्या फडक्याने पुसा. पूजा करायची असेल तर जरूर करा, पण हार टेपने चिकटवू नका. टेप ओढताना कोवळा रंग सोबत येतो. तारेत ओवलेला हारही नको. कुंकवाचं स्वस्तिक काचेवर काढा, देव समजून घेतो.

आणि गॅरेजमधून निघताना उरलेला रंग मागून घ्या. हार्डनर न मिसळलेला, शंभर-दोनशे मिली, घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत. बाटलीवर रंगाचा कोड आणि तारीख लिहा. पुढे दारावर ओरखडा पडला तर शेड शोधत फिरावं लागणार नाही. मागितला नाहीत तर तो दुसऱ्याच्या गाडीवर जाईल, आणि पैसे तुम्ही दिलेले आहेत.